चूल, पाचट आणि बाभूळ

पुणे-नगर रस्त्यावरची आमची सणसवाडी आज कारखान्यांमुळे ओळखली जाते. आजीच्या आठवणीत मात्र सरपण असायचं: बांधावरची बाभूळ, तुरकाट्या, गोवऱ्या. बाभळी कमी झाल्या तशी तिची पायपीट वाढली, आणि धुराने डोळे कायमचे लाल झाले.

सरकारने यावर दोन वाटा काढल्या, पण वेगवेगळ्या. 1982 मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग आला. 1983 मध्ये देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, तो 2002 मध्ये थांबला. झाडं लावणारा एक, चूल देणारा दुसरा. चूल फुटली की बाई पुन्हा तीन दगडांकडे वळायची.

तिसरी वाट पुण्याच्या 'आरती' संस्थेने दाखवली. डॉ. आनंद कर्वे यांनी ती 1996 मध्ये सुरू केली. ऊसतोडीनंतर शेतात हेक्टरी सुमारे 10 टन पाचट उरतं. शिरूर-दौंडकडे ते अजूनही अनेक जण पेटवून देतात. 'आरती'ने ते बंद भट्टीत भाजून कोळसा केला आणि त्याच्या कांड्या पाडल्या. त्यासाठी 2002 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. 2006 मध्ये तो खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी पुन्हा मिळाला.

2016 पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅस आला. तरी टाकी परवडेनाशी झाली की परसातली चूल पेटतेच. म्हणून रोप लावण्याआधी मी विचारतो, या घरात आज भाकरी कशावर भाजली? ते उत्तर बदललं नाही, तर रोपाचंही एक दिवस सरपणच होणार.