पाण्याचे कूळ, तेलाचे कूळ

विश्रामबागेत १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी स्थापिलेल्या आणि १९५५ पासून वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेत जो विद्यार्थी प्रथमच कर्मशाळेत पाऊल टाकतो, त्याला ड्रिलखाली दुधी पाणी सोडावे आणि आटे पाडणाऱ्या टॅपला मात्र घट्ट तेल लावावे, असा दंडक पहिल्या काही दिवसांतच शिकविला जातो. हा दंडक कोणा एका अधिकाऱ्याच्या हुकमाने रूढ झालेला नसून दोन भिन्न कुळांच्या इतिहासातून उतरलेला आहे.

यांत वडीलकी तेलाची. एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेचे कारागीर डुकराची चरबी आणि देवमाशाचे तेल हत्याराच्या धारेस लावीत. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागल्यावर स्वस्त तेल मुबलक झाले; पण प्रचंड दाबाखाली नुसते खनिज तेल धारेखालून निसटते, हा अनुभव आल्याने त्यात चरबी मिसळणे भाग पडले. चरबीतील स्निग्ध आम्लाच्या रेणूचे एक टोक धातूस घट्ट धरून राहते. पुढे तेलात गंधकही मुरविण्यात आला, कारण दाब आणि उष्णता वाढताच तो लोखंडाशी संयोग पावून धारेच्या आणि कामाच्या मध्ये एक पातळ थर उभा करतो.

पाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने. मिडव्हेल येथील पोलादाच्या कारखान्यात त्याने १८८३ च्या सुमारास असे पाहिले की, कीस जेथे सुटतो नेमक्या त्याच जागी पाण्याची जाड धार सोडली, तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्के वाढविता येतो. कारखानदारीच्या इतिहासात इतका मोठा लाभ इतक्या अल्प खर्चात क्वचितच कोणाच्या पदरी पडला असेल! गंजाची अडचण होती. ती टाळण्यासाठी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळविण्याची तजवीज झाली, आणि १८८४ च्या नव्या कर्मशाळेत प्रत्येक यंत्राखाली ते पाणी गोळा करणारे लोखंडी तबक बसविले गेले.

या दोन कुळांचा संबंध जुळला तो पायसीकारक द्रव्याच्या मध्यस्थीने. ‘सोल्युबल ऑईल’ नाव असले तरी ते विरघळत नाही, सूक्ष्म थेंबांनी पाण्यात तरंगते; म्हणूनच ते पाणी दुधी दिसते. वीस भाग पाण्यात एक भाग तेल हे नेहमीचे प्रमाण. मात्र पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी ओतू नये, नाहीतर मिश्रण फाटते. सुट्टीत ते टाकीत निश्चल पडून राहिले की त्यात जंतू माजतात आणि सोमवारी सकाळी यंत्रशाळेत दुर्गंधी सुटते.

आता निवडीचा प्रश्न. ड्रिल वेगाने फिरते आणि त्याची टोके खोल भोकात दडलेली असतात. तेथे शत्रू उष्णता, म्हणून पाणी. टॅपची गोष्ट निराळी. दहा मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर अंतराचा आटा पाडायचा, तर आधी साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. मग हँडलने टॅप फिरविताना त्याचा प्रत्येक दात दोन्ही उतारांवर धातूस घासतो. वेग अत्यल्प, पण घर्षण जबर. अर्धा फेरा मागे घेऊन कीस तोडला नाही वा तेल विसरले, तर टॅप कुरकुरतो आणि तुटून आतच रुतून बसतो. येथे चरबीयुक्त वा गंधकयुक्त तेलाला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण धातू बदलला की दंडकही बदलतो. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे ज्या बिडाचे ओतकाम चाले, त्या बिडाला हा सारा इतमाम बहुधा नकोच असतो. त्यातील ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. उलट तेल घातल्यास भुकटीचा चिखल होऊन धार झिजते. त्याच वाडीत १९२६ साली केंद्रोत्सारी पंप तयार होऊ लागले. अशा पंपात सामान्यतः बिडाचे कवच, पोलादाचा दांडा आणि काशाचे बुश एकत्र येतात, तेव्हा एकाच वस्तूसाठी कारागिराला कवच कोरडे, दांडा दुधी पाण्यात आणि बुश गंधकरहित तेलात कापावे लागते, कारण गंधकयुक्त तेलाने काशावर काळे डाग पडतात.