मधले फुकुशिमा

१९५८. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल भूल दिलेल्या मांजरीला पडद्यावर ठिपके दाखवत होते. तिच्या मेंदूतली पेशी ढिम्म. मग प्रोजेक्टरमध्ये काचेची स्लाइड सरकवताना ती एकदम तडतडू लागली. ठिपक्याला नाही, काचेच्या कडेच्या सावलीला! तीही ठरावीक कोनातल्याच.

हा किस्सा मला फार आवडतो. पण तो सांगून आपण थेट २०१२च्या अ‍ॅलेक्सनेटवर उडी मारतो, ते खटकतं. मधे कुनिहिको फुकुशिमा आहेत. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी या पेशींवरून ‘निओकॉग्निट्रॉन’ रचलं, शोधनिबंध १९८०चा. एक थर कडा टिपतो, पुढचा त्यांची जुळणी करतो, आकार जरा सरकला तरी ओळख पटते. १९८९मध्ये बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी तशाच रचनेला चुकांवरून शिकवलं, पाकिटांवरचे हाताने लिहिलेले पिनकोड वाचायला. आज फोन आपला चेहरा ओळखतो त्यामागे हीच वंशावळ आहे.

२०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. नोबेल तिघांत वाटता येतं. त्या वर्षी नावं दोनच होती.