क्रूरसिंगाच्या भुवया

१९९४ साली वालचंदनगरजवळच्या आमच्या वस्तीवर टीव्ही एकाच घरी होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी 'चंद्रकांता' लागायची. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. नीरजा गुलेरींची ही मालिका देवकीनंदन खत्रींच्या १८८८च्या कादंबरीवर बेतलेली. आम्ही पोरी मात्र राजकन्येपेक्षा क्रूरसिंगासाठी धावायचो. अखिलेंद्र मिश्रांनी त्या वर चढलेल्या भुवयांवर आणि 'यक्कू' या एका शब्दावर अख्खा खलनायक उभा केला. त्याची भीती वाटायची, आणि तो दिसेनासा झाला की करमायचंही नाही.

१३ सप्टेंबर १९९७ला 'शक्तिमान' आला. ललित परिमूंचा डॉक्टर जॅकाल प्रयोगशाळेतला दुष्ट, विज्ञान हाती असलेला. मला तोच जास्त खरा वाटे. पण दरारा तमराज किल्विषचा. किल्विष झालेले सुरेंद्र पाल 'महाभारता'त द्रोणाचार्य होते, त्यामुळे आजीला ते खलनायक म्हणून काही केल्या पटेनात. गुरुजींनी असं करावं का, म्हणायची.

पुढे 'शक्तिमान' रविवारी दुपारी बाराला लागू लागला. त्याच वेळी उसाला कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली, तर दादा दारं धरायला रानात. मग मी भाकरी घेऊन बांधावर जाई आणि सगळा भाग सांगे. शक्तिमानचं तो थोडक्यात आटपायला लावी. 'किल्विष काय म्हणाला, ते नीट सांग,' म्हणे, 'त्याच्याच आवाजात.'