बीडचा समुद्र: कपिलधार, रविवार आणि एक दिवसाचा खाडा

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय.

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. "दादा, पुण्यातून सकाळी निघून रात्री परत येता येईल असा समुद्र सांग, आणि त्याचा थोडा इतिहास पण सांग." आता अलिबाग आणि काशीदचे रील तुमच्या मोबाईलमध्ये माझ्यापेक्षा जास्त असतील. आणि मी मूळचा बीडचा. नकाशा उघडा आणि बीडवरून पश्चिमेला सरळ आडवी रेघ मारा. ती थेट दक्षिण मुंबईपाशी समुद्राला टेकते. पण ही रेघ भरते सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे 'सकाळी जाऊन रात्री परत' हा हिशेब आमच्यासाठी कधी जमलाच नाही.

मग आमच्याकडे लोक पाणी बघायला कुठे जातात? कपिलधारला. बीडपासून वीसेक किलोमीटर, मांजरसुंब्याच्या जवळ, बालाघाटाच्या डोंगरात. दरीत मन्मथस्वामींचं समाधी मंदिर आणि जवळच कड्यावरून कोसळणारी धार. ज्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तिथे उंचावरून पडणारं पाणी दिसलं की माणूस गप्प उभा राहतो. आमचा समुद्र तो हाच.

या वेळी भाद्रपदातल्या एका रविवारी मी मावशीला घेऊन कपिलधारला गेलो. तिकडून येताना डोक्यात एक प्रश्न घेऊन आलो. आजचा भाग त्या प्रश्नाचा आहे. एका दिवसाची सहल करायला माणसाला नक्की काय लागतं?

माझं उत्तर असं: दोन गोष्टी लागतात. एक रस्ता आणि एक सुट्टी. पैसे तिसऱ्या नंबरवर येतात. आणि या दोन्ही गोष्टी कुणीतरी, कधीतरी मिळवलेल्या असतात.

आधी मुंबईचं बघू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत पाठ केलंय आपण. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत, म्हणजे थेट समुद्राच्या काठापर्यंत, गाडी सुरू झाली. म्हणजे रस्ता झाला. पण गिरणीत काम करणाऱ्या माणसाचं काय? तो उजाडताना आत जायचा, अंधार पडताना बाहेर यायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी त्याला नव्हती. सण आला तर, नाहीतर यंत्रं साफ करायला गिरणी बंद राहिली तर, तेवढीच. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर होता, पण जायचा दिवसच नव्हता.

तो दिवस मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या गोळा झाल्या. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. बस्स, एवढंच. आणि यासाठी सहा वर्षं लागली! १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

म्हणजे शुक्रवारी रात्री आपण 'वीकेंडला कुठे?' असं विचारतो ना, त्या प्रश्नाच्या मागे साडेपाच हजार सह्या आहेत. त्यात कितीतरी अंगठे असतील. चौपाटीवर भेळ खाताना हे कुणाला आठवत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण माहीत असावं.

आता आमच्याकडे या.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९०० मध्ये मनमाड ते हैदराबाद रेल्वे झाली, तिने औरंगाबाद, जालना, परभणी गाठलं, पण बीड शहर बाजूला राहिलं. संस्थान भारतात आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याच वर्षी, १ जूनला, पलीकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली होती. मी पुण्याहून घरी जातो तो पहिला टप्पा आजही हाच. आणि बीडला रेल्वे कधी आली? १७ सप्टेंबर २०२५ ला. मुंबईनंतर एकशे बहात्तर वर्षांनी. माझ्या आजोबांनी 'रेल्वे येणार' हे ऐकलं, वडिलांनी ऐकलं, मी ऐकलं. आता ती अहिल्यानगरपर्यंत जाते.

मग रस्ता नव्हता तेव्हा आमची माणसं घराबाहेर पडतच नव्हती का? पडत होती की. चालत पडत होती. त्याला सहल म्हणत नव्हते, यात्रा म्हणत होते.

मन्मथस्वामी सोळाव्या शतकातले. पैठणला एकनाथ महाराज मराठीत लिहीत होते, साधारण त्याच काळातले. वीरशैव लिंगायत परंपरेतला हा संतकवी. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे. धर्मातलं गूढ ते साध्या माणसाच्या भाषेत सांगायला निघाले, म्हणून लातूर, नांदेडपासून सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेपर्यंत घराघरांत त्यांचं नाव पोचलं. त्यांची समाधी कपिलधारला. दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, आणि दूरदूरहून पायी दिंड्या येतात. काही जण कित्येक दिवस चालतात.

विचार करा, त्या शेतकऱ्याला रविवार कुणी दिला नव्हता. पण पंचांगाने त्याला पौर्णिमा दिली होती, अमावस्या दिली होती. अमावस्येला कितीतरी गावांत औत जुंपत नाहीत. पोळ्याला तर बैलाची हक्काची सुट्टी! खरीप निघालंय, रब्बीची पेरणी उरकत आलीय, अशा मोकळ्या चार दिवसांत कार्तिकी यात्रा बसलेली. देवदर्शन तर होतंच, पण पाहुणे भेटायचे, सोयरिकी जुळायच्या, पोरांना गोडी शेव मिळायची आणि सगळ्यांना धार बघायला मिळायची. गिरणीतल्या माणसाला सुट्टीसाठी अर्ज करावा लागला, इथे शेतीच्या चक्रातच ती सोय होती.

मग हे चक्र मोडलं कधी? आता माझ्या मावशीकडे येतो.

बीड स्टँडवरून आम्ही सोलापूरकडची एसटी धरली. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मावशी खुशीत. शहराबाहेर पडल्यावर मी तिला खजाना विहीर कुठल्या अंगाला ते दाखवलं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाने बांधलेली ती विहीर. जमिनीखालून पाट काढून, बिनमोटेचं पाणी शेतांना पोचवलं. मावशी म्हणाली, "खजानाच हाय की तो. पाण्याला दुसरं काय म्हनावं आपल्याकडं?" पुढे मांजरसुंब्याला उतरलो, चहा घेतला, रिक्षा केली.

कपिलधारला गर्दी होती. पोरं रील करत होती, कॉलेजच्या मुली सेल्फी काढत होत्या, म्हातारी माणसं पायऱ्यांवर टेकली होती. मावशीने समाधीचं दर्शन घेतलं, मग धारेसमोर येऊन उभी राहिली. तुषार अंगावर येत होते. पदर सावरायचा पण तिने सोडून दिला.

मी सहज विचारलं, "यात्रेला कितीदा आलीस गं तू?"

"लगीन झाल्यापासनं एकदा बी न्हाई."

मी बघतच राहिलो. तिचं गाव इथून पंधरा किलोमीटरवर. लग्नाला तीस वर्षं झाली.

"कार्तिकीला आमी हितं असतो व्हय? तवर टोळी गेलेली असती."

झालं. उत्तर मिळालं. माझी मावशी ऊसतोड कामगार आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. याचाही इतिहास फार जुना नाही. १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाणी तिकडे, ऊस तिकडे, आणि तोडायला हात आमच्याकडचे. १९७२ च्या दुष्काळाने तर घरंच्या घरं बाहेर काढली. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, परत यायचं ते उन्हाळ्यात. कार्तिक पौर्णिमा येते दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. २०२४ चं उदाहरण घ्या. कार्तिक पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. आणि सरकारने ऊस गाळप सुरू करायची ठरवलेली तारीख? १५ नोव्हेंबर! पंचांगाने दिलेली सुट्टी आणि कारखान्याचा भोंगा एकाच दिवशी.

मग तिकडे रविवार मिळतो का? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो, ती तोडणीतून फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही की तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात, कधीकधी मजुरीपेक्षा जास्त. ताप असो, पाळी असो, पोटात बाळ असो. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण देशभर गाजलं, आठवतं का? राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. त्या चर्चेत हा खाडा पुन्हा पुन्हा येत होता. सुट्टी परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकायचा, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

१८८४ मध्ये लोखंड्यांनी मागितलेला तो एक दिवस. माझ्या मावशीला तो हंगामात अजून मिळालेला नाही.

मी तिला विचारलं, "मावशी, समुद्र बघितलायस का?"

"न्हाई बा."

"कोल्हापूरला जाता ना तुम्ही?"

"धा-बारा वरीस तिकडंच गेलो. पर कोल्हापूर गाव बी धड बघितलं न्हाई. फड आन् कोपी, कोपी आन् फड."

कोल्हापूरहून रत्नागिरी एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. घाट उतरला की समुद्र. माझ्या मावशीने समुद्राकडच्या वाटेतली बहुतेक वाट दरवर्षी, पदराला पोरं बांधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून केली. उरलेल्या वाटेला रस्ता होता. दिवस नव्हता.

आम्ही बराच वेळ बसलो. तिने घरून बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. धारेकडे बघत ती म्हणाली, "हे पानी कुठं जातं रं पुढं?"

हे मात्र मला येत होतं. बालाघाटावर पडलेलं पाणी उत्तरेला उतरलं तर बिंदुसरा, मग सिंदफणा, मग गोदावरी. दक्षिणेला उतरलं तर मांजरा, आणि तीही लांबचा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. आणि गोदावरी तेलंगण, आंध्र ओलांडून पूर्वेच्या समुद्राला.

"म्हंजी समिंदराला जातंच की," मावशी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "त्याला कोन खाडा लावतंय."

ती हसली. मी पण हसलो, पण मला ते हसू पुण्यापर्यंत पुरलं नाही.

तर मंडळी, तुम्ही विचारलं होतं एका दिवसात समुद्र कुठे बघावा. जरूर जा अलिबागला. कपिलधारलाही या, पावसाळ्यात धार बघायला या, दगडं निसरडी असतात तेव्हा रीलसाठी कडेला जाऊ नका, आणि कार्तिकीला यात्रा बघायला या. फक्त त्या यात्रेच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून एक चक्कर मारा. किती दारांना कुलूप आहे ते मोजा. ज्यांच्या दारातून दिंडी जाते, ती माणसं त्या दिवशी कुणाच्या तरी उसाच्या फडात वाकलेली असतात.

मी मावशीला शब्द दिलाय. पुढच्या उन्हाळ्यात टोळी परत आली की तिला समुद्र दाखवायचा. ती म्हणाली, "रविवारी नगं, गर्दी आसती." तीस वर्षांत पहिल्यांदा तिने सुट्टीचा वार स्वतः निवडला. बुधवार ठरलाय.

तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्यांनी कधीच सुट्टी घेतली नाही? त्यांना विचारा, त्यांना काय बघायचं राहिलंय. उत्तर आलं की मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, रामराम!