अंगाचें माप आणि आंकड्याची सचोटी

वाण्याचें वजन खोटें निघालें तर दंड वाण्याला होतो. तयार कपड्यावरील आंकडा खोटा निघाला तर दंड भोगतें तें गिऱ्हाईक. गेल्या दिवाळींत आमच्या घरांतील मुलीनें दोन दुकानांतून दोन कुडते आणले. दोहोंवर माप एकच छापलेलें; पण एक अंगांत शिरेना, दुसरा खांद्यावरून ओघळे. “मीच जाड झालें,” असें ती खिन्नपणें म्हणाली, तेव्हां हा आंकडा आला कोठून हें पाहण्याची आम्हांस इच्छा झाली.

या इतिहासाचा मोठा भाग अमेरिकेंत घडला. तेथें १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत सैनिकांसाठीं असंख्य गणवेश शिवावे लागले आणि त्या निमित्तानें पुरुषांच्या मापांचीं कोष्टकें तयार झालीं. स्त्रियांचे कपडे त्यानंतरहि पुष्कळ काळ घरीं किंवा शिंप्याकडे बेतले जात. पुढें कारखान्यांचा माल आला, तेव्हां छातीच्या मापावरून बाकीचें शरीर त्याच प्रमाणांत असेल असें गृहीत धरलें गेलें. अर्थातच कपडे बसेनात. म्हणून १९३९-४० सालीं तेथील कृषिखात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं, प्रत्येकीचीं ५९, मापें घेवविलीं. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांचा त्यावरील अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निष्कर्ष आमच्याकडील कोणत्याहि शिंप्याला ठाऊक होता: एका मापावरून शरीर कळत नाहीं, उंची आणि घेर दोन्ही पाहावीं लागतात. शिवाय गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचीं मापें हिशेबांतून वगळलीं होतीं. म्हणजे तेथील ‘सर्वसाधारण’ स्त्री मुळांतच अपुरी होती.

याच आंकड्यांच्या आधारें १९५८ सालीं सरकारी प्रमाण ठरलें, १९७० सालीं तें सुधारलें, आणि १९८३ सालीं काढून घेण्यांत आलें. तें पाळणें ऐच्छिकच होतें. मग प्रत्येक कारखानदार आपल्या कल्पनेंतील गिऱ्हाइकासाठीं कपडा बेतूं लागला. स्वस्त मालाचें गिऱ्हाईक निराळें, महाग मालाचें निराळें, आणि मापहि तसेंच. लहान आंकडा पाहून गिऱ्हाईक सुखावतें हें ओळखून मोठ्या घेरावरहि लहान आंकडा छापण्याची चाल पडली. अखेर शून्य हेंहि एक माप झालें! मोजण्यासाठीं जन्मलेला आंकडा खुशामतीच्या कामीं लागला.

आमच्याकडे लुगड्याला कधीं अंगाचें माप लागलें नाहीं, आणि चोळी शिंपी ज्या त्या अंगावर बेतून शिवीत असे. तयार कपडा घरोघर आला तो मात्र बहुधा परक्या शरीरांचीं कोष्टकें घेऊन. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें मुंबईसह सहा शहरांत २५,००० लोकांचीं मापें घेण्याची योजना २०१८ सालीं जाहीर केली, ती ही उणीव भरून काढण्यासाठींच. कार्य स्तुत्य आहे. परंतु कोष्टक कितीहि शास्त्रशुद्ध असलें तरी तें पाळण्याचें बंधन नसेल, तर काय होतें हें अमेरिकेनें दाखविलेंच आहे.

आमच्या मुलीला आम्हीं एवढेंच सांगितलें: कपडा बसला नाहीं तर आधीं आंकड्याची उलटतपासणी कर, अंगाला आरोपी करूं नकोस.