पुण्याजवळील नासासंधान व व्रणपाकाचा विचार

सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीतील पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापली गेली, हे अभ्यासकांस विदित आहेच. तिचा विचार बहुधा नव्या नाकाच्या अनुषंगाने होतो. प्रस्तुत लेखात तीतील व्रणोपचारापुरतेच पाहावयाचे आहे.

इंग्रजी फौजेतील बैल हाकणारा एक मराठा कुणबी, इंग्रजी लेखात कावसजी असे नाव दिलेला, १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. बारा महिन्यांहून अधिक काळाने पुण्याजवळच्या वीटकरी जातीच्या एका इसमाने त्यास नवे नाक बसविले. क्रियेचा तपशील मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी अशी क्रिया प्रत्यक्ष पाहिली, त्यावरून दिला आहे. मेणाच्या पातळ पत्र्याने कपाळावर आकार आखून तेवढी त्वचा सोडवीत. भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवीत. जुन्या नाकाची वणाची कड तासून नवी त्वचा तीत बसवीत. सांध्यावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या फडक्याच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस दुसरा उपचार नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजविलेली फडकी लावीत. जोडपट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत.

सुश्रुताने नासासंधानास गालाची त्वचा सांगितली असून वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण टाकण्यास सांगितले आहे. पुण्यास त्वचा कपाळाची व लेप काताचा. तेव्हा ही विद्या पोथी पुढे ठेवून चाललेली नसून हातावरून हाती आलेली असावी, असे अनुमान निघते.

शस्त्रव्रण पिकतो तो त्यात जंतु शिरून वाढल्याने. मृत मांस व साकळलेले रक्त हे त्यांचे खाद्य. वाहते रक्त हा शरीराचा बचाव. या दृष्टीने पाहता जोडपट्टीने त्वचेचा रक्तपुरवठा राखला, वण तासल्याने जिवंत मांसास जिवंत मांस भिडले, तुरट कातामुळे स्राव आटण्यास साहाय्य झाले असावे आणि चार दिवस व्रण न उघडल्याने त्यास बाहेरचा स्पर्श टळला. त्या काळी युरोपातील कित्येक शस्त्रवैद्य पू येणे हे शुभचिन्ह मानीत. लिस्टरची कार्बोलिक आम्लाची पद्धति प्रसिद्ध झाली ती १८६७ साली. तथापि यावरून त्या वीटकऱ्यास जंतुज्ञान होते असे म्हणणे अप्रशस्त होय. त्याने व्रण राखला तो अनुभवाने. शिवाय सदर हकीकत सिद्धीची आहे. पिकलेल्या व्रणांची व दगावलेल्या रोग्यांची गणती तीत नाही.

याच हकीकतीवरून लंडनमध्ये कार्प्यू याने १८१४ साली ही क्रिया केली व १८१६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कार्प्यूचे नाव राहिले. पुण्याच्या कर्त्याचे नाव मासिकाने दिलेच नाही. जुन्या दप्तरांतून सनदा व महजर निवडून घेताना औषधांच्या यादी, लेपांचे पाठ व वैद्यांची बाडे किरकोळ म्हणून बाजूस पडतात. संग्राहकांनी ती जपून ठेवावीत. व्रण पिकू नये म्हणून या प्रांती काय करीत, याचा देशी पुरावा निघालाच, तर तो अशाच किरकोळ कागदांतून निघेल.