झेंड्याचा मान

आम्हा सोलापूरकरांना एका तारखेचा मोठा अभिमान आहे. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ आला आणि झेंडा मिरवणे, गांधी टोपी घालणे हाच गुन्हा ठरला. त्या दिवसांतल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले.

पुढे राज्य आपले झाले. राष्ट्रध्वज आणि राज्यघटनेच्या अवमानाला १९७१च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. सप्टेंबर २०१२मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना याच कायद्याखाली, शिवाय राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे काढले होते. राजद्रोहाचे कलम काढा, मगच जामीन, असे त्यांनी बजावले. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने ते कलम मागे घेण्याची तयारी उच्च न्यायालयात दाखवली.

ते चित्र मलाही बोचले. पण सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका अवमान ठरत नाही, असे तोच कायदा सांगतो. १९३० साली झेंडा हाती धरा असे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. उलट अडवलेच होते. मान हुकमाने येत नाही, हे आमच्या गावाला वेगळे सांगायला नको.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)